हातगुण

सोनूचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "व्हायरल कावीळ आहे, ॲडमिट करा." पण सासूबाईंचं एकच पालुपद, "कावीळ म्हटली की उत्तन!" म्हणून मानसी पोराला कडेवर घेऊन काशीगावहून निघाली, ती उत्तन गावात काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्या आयरिन आंटींच्या ओट्यावर येऊन बसली.

"भुईआवळ्याचा रस देते. पन दवाखाना बंद हां, न्हायतर गुण यायचा न्हाय," आंटींनी बजावलं. मानसीने मान डोलावली खरी, पण पोराच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

वाटी सोनूच्या ओठांना लागणार, तोच आंटींची सून नातवाला घेऊन धावत बाहेर आली. "मम्मी, नॅथनचे पन डोळे पिवळे झाले!"

"ह्युबर्ट, रिक्षा काढ! हॉस्पिटलला चल!" आंटी मुलावर ओरडल्या.

मानसी चाटच पडली. "अहो आंटी, औषध तर तुमच्या हातात आहे ना?"

"आमच्या हातचा औषध घरच्यांना लागू पडत न्हाय गं, बाय," म्हणत आंटी नॅथनला घेऊन रिक्षात बसल्या.

मानसीने सोनूला उचललं आणि त्यांच्या मागोमाग रिक्षात शिरली.


"आजपासून आम्हीपण घरचेच, आंटी. जरा सरका."