गोळ्या कोणी फेकल्या

"भाभी, दिवस राहायच्या आधीपासूनच काही घ्यावं लागतं का गं?"

जयश्रीने दबक्या आवाजात विचारलं आणि सोनालीचा हात थांबला. गोडादऱ्याच्या वस्तीतल्या त्या खोलीत दोघी नणंद-भावजय कापड मार्केटमधून कामाला आणलेल्या साडीला खडे चिकटवत बसल्या होत्या. जयश्रीचं लग्न नुकतंच झालं होतं. बमरोलीच्या सासरहून ती पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी आली होती. आत तिची आई, सुभद्राबाई, लेकीसाठी आमरस काढत होत्या.

या प्रश्नाची सोनालीने वर्षानुवर्षं वाट पाहिली होती.

तीही अशीच नवी नवरी होती तेव्हा. मूल हवं म्हणून डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी पिवळ्या गोळ्या दिल्या. "फॉलिक ॲसिड आहे. आतापासूनच रोज एक घे. बाळाचा कणा पहिल्या महिन्यातच घडतो. तेव्हा आईला दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. पालक, मेथी, मूग खाच, पण नुसत्या त्यावर भागत नाही." घरी आल्यावर सुभद्राबाईंनी ती पाकिटं उचलली आणि गटारात टाकली. "गोया खावू नको. पोऱ्या काया व्हस." गोळ्या खाल्ल्या की पोर काळं होतं म्हणे. नव्या सुनेने तोंड उघडलं नाही.

मुलगा झाला. गोरापान झाला. पाठीचा कणा मात्र खाली उघडाच होता. आठवडाभरही जगला नाही.

"आधी गोळ्या दिल्या नव्हत्या का? घेतल्या असत्या तर बहुतेक टळलं असतं," मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. सोनाली खाटेवर ग्लानीत ऐकत होती. उत्तर सुभद्राबाईंनी दिलं. "दिल्या होत्या. हिनंच फेकून दिल्या."

सोनालीने नवऱ्याला, योगराजला, रडून रडून खरं सांगितलं. तो म्हणाला, "माझी आई नातवाचं वाईट करेल?" तिथून पुढे गल्लीत, भाऊबंदांत, गावाकडच्या लग्नांत सोनाली एकाच गोष्टीसाठी ओळखली जाऊ लागली. आळसापायी पोर गमावलेली बाई. पुढच्या खेपेला तिने गोळ्या शेजारच्या सरलाबाईंकडे ठेवल्या आणि काही ना काही निमित्त काढून तिथे जाऊन खाल्ल्या. लेक झाली, तारा, आणि धडधाकट झाली. सुभद्राबाईंनी गडावरच्या देवीचा नवस फेडला.

सोनालीने मनात एकच नवस केला होता. जयश्रीची वेळ येऊ दे.

आणि आज ती आली होती. आपल्या पायांनी चालत, समोर बसून विचारत होती. फार काही करायचं नव्हतं. फक्त 'नाही' म्हणायचं.

"नाही गं," सोनाली म्हणाली. "काही लागत नाही. भाजी-भाकरी खा, झालं."

छातीत काहीतरी गार झालं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

"मायही तेच म्हणाली," जयश्री हसली. "वर म्हणाली, भाभीला विचारू नको, तिला काय ठाऊक, तिनं तर स्वतःचं पोर घालवलं. पण मला वाटलं, ज्या बाईचं पोर गेलं ती मला खोटं नाही सांगणार."

सोनाली उठली. मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं.  सूड घ्यायचा होता सुभद्राबाईंवर, आणि आपण गिळायला निघालो होतो अजून न झालेलं लेकरू. तिला स्वतःचीच शिसारी आली. राग मात्र तसूभरही उतरला नाही. उलट त्याला वाट सापडली.

दुपारी पानं वाढली. योगराजच्या मिलला सुट्टी होती. तो आणि जयश्री जेवायला बसले. सुभद्राबाई पोळ्या वाढत होत्या.

"आई," सोनाली सगळ्यांसमोर म्हणाली, "जयू विचारत होती, दिवस राहायच्या आधीपासून गोळ्या घ्यायच्या का. मघाशी मी नाही म्हटलं. आता तुम्ही सांगा."

"सणाच्या दिवशी काय लावलंय हे?"

"सांगा ना. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंय. तुम्ही 'नको' म्हणालात तर ती घेणार नाही."

सुभद्राबाईंच्या हातातली पोळी तशीच राहिली. त्यांनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा ढासळला.

"घे जयू," त्या पुटपुटल्या. "रोज घे."

"का, माय? सकाळी तर नको म्हणालीस."

  सोनालीने सासूवरची नजर हटवली नाही.

"हिच्या गोळ्या मीच फेकल्या होत्या," सुभद्राबाई म्हणाल्या. "नाव हिचं घेतलं."

योगराजचा घास हातातच राहिला. त्याने मान वर केली, पण बायकोच्या डोळ्यांपर्यंत त्याची नजर पोचली नाही. जयश्री ताटावरून उठली. 

"पहिलं बाळंतपण माहेरी करतात, माय. पण मी त्यासाठी या घरात येणार नाही."

सुभद्राबाई भिंतीला धरून खाली बसल्या. सोनालीने नणंदेच्या खांद्यावर हात ठेवला. सासूला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

"ये गं जयू. डॉक्टरीणबाईंकडे उद्याच जाऊ. बाळंतपणही मीच करीन. बाळाला न्हाऊ मी घालीन, मांडीवर मी घेईन. आईंनी फक्त लांबून बघायचं."