नारिंगी ठिपके

“हे नारिंगी ठिपके कोणाचे?” साहेबांनी विचारलं, आणि सगळ्यांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.

तक्ता भिंतीभर पसरला होता. एक तक्रार म्हणजे एक ठिपका. खाली तारखा, बाजूला तक्रार मिटायला लागलेले दिवस. ठिपका जितका वर, तितकी दिरंगाई. विभागात माणसं पाच, रंगही पाच. चार रंग तळाशी मुंग्यांसारखे गर्दी करून बसलेले. नारिंगी तेवढा छताला भिडलेला.

“पुढच्या महिन्यापासून एक माणूस कमी करायचाय, हे तुम्हाला ठाऊक आहे,” साहेब म्हणाले. “मी तोंडं बघून नाही ठरवणार. तक्ता बघून ठरवणार. काटेवाली, उद्या सकाळी येऊन भेटा मला.”

कंपनी वजनकाटे बनवायची. जुन्या लोखंडी काट्यांची नस तिला एकटीलाच सापडायची, म्हणून ती काटेवाली.

ती जागेवर येऊन बसली, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. बाळंतपणाच्या रजेवरून येऊन तिला उणापुरा सव्वा महिना झाला होता. आल्यापासून तिने जुन्या काट्यांच्या सेहेचाळीस तक्रारींचा फडशा पाडला होता. काटा शून्यावर येत नाही, किलोभर जास्त दाखवतो, माल ठेवायचा पाटा हलतो. गिऱ्हाइकाला फोन करायचा, सुटा भाग पाठवायचा, दोन दिवसांत काम हातावेगळं. गिऱ्हाइकंही गोड. “सवडीने करा हो बाई, काही घाई नाही,” म्हणायची. आणि तक्ता म्हणत होता, काही कामांना तर दोनशेवर दिवस!

तिने बोटांवर मोजलं, मग कागदावर मोजलं. सव्वा महिन्यात दोनशे दिवस बसवायचे कसे? आपणच कुठे झोपेत चुकलो की काय? हल्ली रात्री धड डोळा लागत नव्हता, काही सांगता येत नव्हतं. मागच्याच आठवड्यात तिने पोरीची बाटली कपाटात आणि किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या.

सकाळी पोरीला झबलं घालता घालता तिने नवऱ्याला सगळं सांगितलं.

“सर्वांत वरचा ठिपका किती दिवसांचा?”

“दोनशे दहा.”

“म्हणजे सात महिने. आपली ठमाबाईही सात महिन्यांची. दवाखान्यात जुळी झाली होती की काय गं? दुसरं ऑफिसात ठेवून आलीस?”

ती हसली नाही. झबल्याचा बंद हातातच राहिला. मग पोरीला नवऱ्याच्या मांडीवर टाकून ती तशीच निघाली.

ऑफिसात अजून दिवेही लागले नव्हते. तिने तक्रारींची यादी उघडली आणि आल्याच्या तारखा पाहिल्या. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस तिच्या रजेतल्या. ती घरी होती तेव्हा आलेल्या, आणि तिच्याच नावावर चढवलेल्या.

शेजारच्या टेबलावरच्या ताई आल्या, तशी तिने यादी त्यांच्यापुढे धरली. फोन घेऊन कामं वाटून द्यायचं काम ताईंचं.

ताईंनी इकडेतिकडे पाहिलं. “मीच ठेवल्या गं. विभागातली पोरं म्हणत होती, आम्ही शिकून घेतो. म्हटलं, हात लावायचा नाही. त्यांनी शिकून मिटवल्या असत्या, तर तुझी खुर्ची राहिली असती का? माझ्या बाळंतपणाच्या वेळी नव्हती राहिली.”

“अहो ताई, पण दिवस मोजतात ते तक्रार आल्यापासून!”

“मला मेलीला काय ठाऊक, साहेब ठिपके काढत बसणार आहेत ते!”

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने एकेक तक्रार हातात घेतली त्या दिवसापासून मोजून त्यांनी नारिंगी ठिपके पुन्हा मांडले. ठिपके झरझर खाली उतरले, पार तळाशी, बाकी चारही रंगांच्या खाली.

“सरासरी दोन दिवस!” साहेब मनापासून हसले. “अहो, सर्वांत चटपटीत तर तुम्हीच. माझंच चुकलं.”

तिचा जीव भांड्यात पडला. सव्वा महिन्यात पहिल्यांदा तिने खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली.

“म्हणजे,” साहेबांचं हसू ओसरलं, “कंपनीच्या सेहेचाळीस तक्रारी ताईंनी दाबून ठेवल्या. मग जायचं तर त्यांनीच.”

केबिनच्या काचेपलीकडे ताई फोन कानाला लावून बसल्या होत्या. बोलत मात्र नव्हत्या, इकडेच बघत होत्या.

“नाही साहेब, तसं नका करू,” ती घाईघाईने म्हणाली. “ताईंनी कंपनीचं काही नुकसान केलेलं नाही. हवं तर नोंदी बघा. सेहेचाळीसपैकी एकाही गिऱ्हाइकाचा परत फोन नाही, ओरड नाही, चिठ्ठी नाही. खरंच सांगते, कुणाचंच काही अडलं नाही.”

साहेबांनी नोंदी उघडल्या. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पाहिली.

“खरंय तुमचं,” ते म्हणाले. “ताई राहू देत. पण सहा-सात महिने कुणाचंच काही अडत नसेल, तर जुन्या काट्यांसाठी आपण माणूस ठेवलाय तरी कशाला?”