हातभर अंतर

टॅम्सिनचा चेंडू खळगीपासून हातभर अंतरावर थांबला आणि ती नेहमीसारखी आजोबांच्या शब्दाची वाट बघत उभी राहिली.

गोल्फच्या मैदानाची अठरावी, शेवटची हिरवळ. खाली समुद्र, वर चंडोल. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत वाऱ्याबरोबर एकदा इकडे लवत होतं, एकदा तिकडे.

शब्द आला नाही.

"उचल, पोरी," एवढाच तो शब्द. घरच्या खेळात इतका जवळचा चेंडू कुणी मारायला लावत नाही. गेलाच, असं समजून सोडून देतात. गेल्या महिन्यात व्यावसायिकांच्या निवडफेरीत असलेच दोन चेंडू तिनं चुकवले होते. निवड झाली ती काठावर. तेव्हापासून डेन्झिल आजोबा तो शब्द जरा लवकरच बोलत. कधी कधी चेंडू थांबायच्याही आधी. तिनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

"डेन्झिल, उभ्या उभ्या झोपलास काय?" हेडली म्हणाला. तो आजोबांचा शाळेपासूनचा मित्र. जो हरेल त्यानं चहा पाजायचा, म्हणून रोज तोच पाजायचा. "सोड की. उद्या गाडीत बसायचंय तिला."

"गुरुवारी व्यावसायिकांच्या स्पर्धेत कोण सोडणारंय?" आजोबा म्हणाले.

"गुरुवारचं गुरुवारी."

आजोबांनी खळगीतला झेंडा उपसला आणि बाजूला होऊन उभे राहिले. नजर स्वतःच्या बुटांवर.

"आजोबा, हातभरसुद्धा नाहीये हा."

"मग मार."

ती वाकली. सरळ झाली. पुन्हा वाकली. चेंडू निघाला, खळगीच्या काठाशी पोचला, काठावरून गिरकी घेऊन बाहेर येऊन बसला.

हेडलीला अचानक समुद्रात बघण्यासारखं काहीतरी दिसलं.

"झालं समाधान?" टॅम्सिन म्हणाली. "हेच बघायचं होतं ना?"

"नव्हतं बघायचं," आजोबा म्हणाले. "म्हणून तर इतके दिवस उचल म्हणत होतो."

त्यांचा चेंडूही खळगीजवळच होता. तिनं तिकडे न बघताच हनुवटी हलवली. "उचला तुमचा."

"उचलतो. मी हौशीच मरणार." त्यांनी चेंडू खिशात टाकला, झेंडा हिरवळीच्या कडेला आडवा ठेवला आणि क्लबाच्या पायऱ्या चढू लागले.

व्हरांड्यात हेडलीनं चहा आणला. दोघं हिरवळीकडे पाठ करून बसले. ऊन बाकड्यावरून खाली उतरलं होतं.

खालून आवाज आला. टक्. चेंडू खळगीतल्या डब्यात पडल्याचा. जरा वेळानं पुन्हा, टक्.

हेडली मान वळवू लागला.

"बघू नकोस," डेन्झिल म्हणाला. "नुसतं ऐक."

टक्. टक्. मग एक खेप काहीच आलं नाही. वारा तेवढा होता. डेन्झिलनं ओठांशी नेलेला कप तसाच धरून ठेवला. हेडलीनं साखर ढवळायची थांबवली.

टक्.

डेन्झिलनं घोट घेतला. चहा गार झाला होता.