यशश्रीची नेमणूक

सनद परत करायची, ही एकच अट यशश्रीच्या घशाखाली उतरत नव्हती.

परदेशी कंपन्यांना देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि लंडनच्या एका सॉलिसिटर कंपनीने बंगळूरात ऑफिस थाटलं होतं. बसवनगुडीतल्या भीमाचार्य वकिलांच्या हाताखाली पुढच्या तारखा मागत फिरणाऱ्या यशश्रीला त्यांनी आपणहून बोलावलं, जुजबी प्रश्न विचारले आणि निवडलं. तिला अभिमान वाटला. का वाटू नये? पण पगारी नोकरी धरली की वकिलाला कोर्टात उभं राहता येत नाही; सनद तात्पुरती बार कौन्सिलकडे ठेवावी लागते. आणि कोर्टात तिच्या वडिलांचीच केस ती लढवत होती.

तिचे अण्णा, अरविंदराव, सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. गोपनीय ड्रॉइंग्ज बाहेर दिल्याचा ठपका ठेवून त्यांना काढून टाकलं होतं. कुणाला दिली, हे कारखान्यालाही सांगता येत नव्हतं. यशश्री एकाच मुद्द्यावर ठाम होती: या माणसाने कुणाकडून छदामही घेतलेला नाही. घर तेच, स्कूटर तीच. मग फुकटात चोरी कोण करेल? न्यायाधीशही मान डोलवू लागले होते.

मंडळाच्या गणपतीत यंदा अण्णांच्या हाती कुणी आरतीचं ताट दिलं नव्हतं. ते तिला फार लागलं होतं. त्यांचं नाव धुऊन निघेपर्यंत तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

"अण्णा, आधी तुमचा निकाल लागू दे," ती म्हणाली. "नोकऱ्या काय, छप्पन मिळतील."

"ही मिळणार नाही. केस भीमाचार्य बघतील. हरलो तर हरलो, तू जा."

लेकीसाठी बाप स्वतःच्या अब्रूवरही पाणी सोडायला तयार आहे, हे पाहून तिचे डोळे भरून आले. भीमाचार्यांनी केस घेतली, पण कुरकुरतच. मुलगीच बाजूला झाली तर लोक म्हणणार, तिचाही विश्वास उडाला. ते ऐकून ती नोकरी नाकारायचं ठरवूनच घरी आली. अण्णांनी काही ऐकून घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तिला स्कूटरवर बसवून बार कौन्सिलच्या दारात सोडलं.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी ऑफिसचे प्रमुख शेषगिरी तिला ऑफिसात भेटीला आलेल्या एका जुन्या अशिलाकडे घेऊन गेले. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे जर्मन गृहस्थ होते. शेषगिरींनी ओळख करून दिली, "सरी, ठीक आहे, तुम्ही बोलत बसा," म्हणाले आणि कॉफी सांगायला बाहेर पडले.

पाहुण्याने तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि अरविंदरावांची तब्येत विचारली. बरी आहे, पण तुम्ही त्यांना कसे ओळखता, असं तिने विचारलं. तो हसला. वकिलाने असंच सावध असावं, म्हणाला, पण इथे आपलीच माणसं आहेत.

"आम्ही त्यांना मोठी रक्कम देऊ केली होती, त्यांनी ती घेतली नाही," तो म्हणाला. "ड्रॉइंग्जच्या बदल्यात त्यांना फक्त तुमची ही नोकरी हवी होती."