नाव बदललेली बाई

झुलेमाने आपल्या नव्या प्रकरणाच्या प्रती वर्गात सगळ्यांना वाटल्या आणि यारित्सापाशी येऊन म्हणाली, "अगं, संपल्या."

खोटं. एक प्रत तिच्या काखेत दिसत होती.

दोघी लॉस एंजेलिसच्या एकाच विद्यापीठात, ओकाम्पो मॅडमच्या हाताखाली, मानववंशशास्त्रात पीएच.डी. करत होत्या. विषयही जवळपास एकच: मेक्सिकोतून आलेली माणसं आणि इथे वाढलेली त्यांची लॅटिनो पोरं स्वतःला नक्की कोण समजतात. यारित्साने दोन वर्षांत एकतीस मुलाखती घेतल्या होत्या. पण मॅडम उठताबसता कौतुक करायच्या ते झुलेमाला मुलाखत देणाऱ्या एकुलत्या एका बाईचं, दोन्या लूसचं, म्हणजे लूसबाईंचं. हे अर्थात खरं नाव नव्हे. या अभ्यासात सांगणाऱ्याचं नाव, गाव, साल, सगळं बदलून लिहायची रीतच असते.

शेवटी यारित्साने वर्गातल्या ब्रॉलियोची प्रत उसनी घेतली आणि बसमध्ये एका दमात वाचून काढली.

मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांताची एक बाई. सीमा ओलांडताना सोबतची एक कोवळी आई वाळवंटात कोसळते. तिचं तान्हं बाळ ही उचलते आणि इथे आणून पोटच्या पोरीसारखं वाढवते. त्या मुलीला आजवर काहीच माहीत नाही.

यारित्साचे डोळे भरून आले, आणि म्हणूनच तिचा जास्त तिळपापड झाला. तिच्या एकतीस जणांनी मिळून सांगितलं काय, तर सुरुवातीला इंग्रजी जड गेलं!

मग एका ओळीवर ती अडकली. बाई म्हणते, सणाला आम्ही उचेपोस करायचो. कोवळ्या मक्याचे ते गोडसर तमालेस ओआहाकाची बाई कशाला करेल? ते तर पार दुसऱ्या प्रांताचे, मिचोआकानचे. यारित्सा ते खाऊनच वाढली होती. झुलेमा पडली टेक्सासची, तिला कुठून कळणार? म्हणजे अशी बाई नाहीच. सगळं टेबलाशी बसून रचलेलं. प्रत लपवली ती उगाच नाही!

दुसऱ्याच दिवशी तिने मॅडमकडे लेखी तक्रार दिली. झुलेमा एवढंच म्हणाली, की मी शब्द दिलाय, नाव सांगणार नाही. बाईने रेकॉर्डिंगही करू दिलं नव्हतं. मॅडमनी तिला पुरावा द्यायला शुक्रवारपर्यंत मुदत दिली.

घरी यारित्साने हे सगळं आईला तिखटमीठ लावून सांगितलं. आई तव्यावरच्या तोर्तिया उलटत होती.

"मग त्या मुलीचं काय होईल?"

"काय व्हायचंय? काढून टाकतील. खोटी बाई उभी केली तिने."

"तुझं काय घोडं मारलंय गं तिने?"

"अमा, तू आई कोणाची आहेस? माझी की तिची?"

त्या रात्री आई जेवलीही नाही, पण यारित्साचं लक्ष कुठे होतं? ती शुक्रवारी कुठला शर्ट घालायचा ते ठरवत होती.

शुक्रवारी मॅडमच्या खोलीत झुलेमा आधीच येऊन बसली होती. डोळे सुजलेले. मॅडम फोनवर होत्या, तेवढ्यात ती हळूच म्हणाली, "तक्रार मागे घे. माझ्यासाठी नको घेऊस."

"मग कोणासाठी?"

झुलेमाने मान खाली घातली. यारित्साला आतून असं काही गार गार वाटलं, की विचारू नका.

दारावर टकटक झाली. दारात यारित्साची आई, लाँड्रीतला निळा एप्रन तसाच अंगावर. डबा घरी राहिला वाटतं, यारित्साच्या मनात आलं. हिलाही आत्ताच यायचं होतं!

"अमा, बाहेर थांब ना जरा. आमचं महत्त्वाचं चाललंय."

आईने तिच्याकडे पाहिलं नाही. ती झुलेमाच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि मॅडमना म्हणाली, "ती बाई मी. सगळं सांगते. फक्त त्याआधी माझ्या पोरीला बाहेर पाठवा."