बोटं थांबली की

अमृता सिडकोतल्या घरी बसून एका कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहायची. कोणत्या कामाला किती वेळ लागला हे मोजणारं घड्याळ ती ज्यात प्रोग्रॅम टाइप करायची त्या एडिटरमध्येच कंपनीनं बसवलं होतं. विचार करायला बोटं थांबली, की तेही थांबायचं. "आज तास भरले नाहीत, तर उद्यापासून काम बंद," असं साहेबांनी सकाळीच बजावलं होतं, आणि घरात कमावती ती एकटीच.

दुपारी तापानं फणफणलेल्या तिच्या लेकीला, सुजाताला, झटके यायला लागले. अमृतानं तिला छातीशी धरलं, दारापर्यंत धावली आणि मागं वळून लॅपटॉपकडं पाहत तिथंच रडायला लागली.

करमाडहून आलेली तिची आई, मनकर्णाबाई, लॅपटॉपसमोर जाऊन बसली. "लेकराला घिऊन नीघ तू. कोणतं बटण दाबू, तेवढं सांग."

"कोणतंबी दाब आई, फक्त थांबू नको."

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "पोरगी वाचली. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं." सलाईन लावलेला इवला हात धरून अमृता खाटेशी बसून राहिली. तिकडं घरी आई अजून बटणं दाबतच होती.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. लेकीचा हात न सोडता अमृतानं तो उचलला.



"मॅडम, आज पहिल्यांदाच तुम्ही मन लावून काम केलंत."