काचींचा वाटा

सकाळी काची ओरडली तेव्हाच मालसुन आजीनं ओळखलं, आज पाहुणा येणार. काची तशी कावळ्याच्याच भावकीतली, पण काळीपांढरी, लांब शेपटीची, आणि आमच्या गावाची भारी लाडकी. ती दारात बोलली की चांगला पाहुणा येतो म्हणतात. दुपारी फाटकात उभा राहिला तो आजीचा जावई, थेउक. आजीनं त्या ‘चांगल्या’ला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली.

"या जावईबापू. वाट चुकलात वाटतं? माझ्या लेकीला मातीआड केलंत, त्यानंतर आज उगवताय."

थेउक कमरेत वाकला तो वाकलेलाच राहिला. त्याची आई शेवटच्या घटका मोजत होती. पेजसुद्धा घशाखाली उतरत नव्हती. झाडावर पिकून मऊ झालेलं थंडगार पर्सिमॉनचं फळ तेवढं मागत होती. यंदा सुक्या फळांना भाव चढा होता, म्हणून सगळ्यांनी फळं सोलून सुकवायला टांगलेली. त्या वाळल्या कातड्याला तिचे दात पुरणार नव्हते. त्यानं अख्खा गाव पालथा घातला होता.

"एकच द्या, सासूबाई. तिचा जीव अडकलाय त्यात."

आजीनं अंगणातल्या झाडाकडे बोट केलं. पानं कधीच झडली होती, शेंड्याला मात्र थोडी लालभडक फळं लोंबत होती. तोडणी झाली तरी शेंड्यावरची फळं काचींसाठी सोडायची, ही इथली रीत. आजी तर त्यांच्यावर पोटच्या पोरांसारखी माया करायची. बायका तिला काचींची आई म्हणून चिडवायच्या, आणि ती चिडायचीही नाही.

"घरात एक नाही," ती म्हणाली. "वर आहेत ती काचींची. एवढेच डोहाळे लागले असतील तर चढ."

अहोजाहो तिथंच संपलं. थेउकचा चेहरा पांढराफटक पडला.

शब्द त्याच्या आईचे होते. आजीची पोटुशी लेक हेसुक सासूकडे पर्सिमॉन मागायला गेली तेव्हा सासूनं तिला अगदी हेच ऐकवलं होतं. दिवस भरत आलेली पोर रागारागानं चढली. पर्सिमॉनची फांदी दिसते दणकट आणि मोडते कचकन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आई आणि बाळ, दोघंही गेली.

"आईकडे त्या वर्षी खरंच नव्हती हो," थेउक पुटपुटला.

"आणि तू कुठं होतास?"

"ओसरीवर."

"काय करत होतास?"

तो बुटाच्या टोकानं माती उकरू लागला.

"काचींची गोष्ट तुला लहानपणी कुणी सांगितली असेल ना?" आजी म्हणाली. "आभाळातल्या त्या नवराबायकोची ताटातूट झालेली. वर्षातनं एकदा त्यांची गाठ पडावी म्हणून सगळ्या काची वर जातात, अंगाला अंग लावून पूल करतात. ती दोघं डोक्यावरनं चालतात त्यांच्या, टक्कल पडतं बिचाऱ्यांना. परक्यांसाठी बरं का! आणि तुझ्यानं स्वतःच्या बायकोसाठी ओसरीच्या कोपऱ्यातली शिडी हलली नाही."

थेउकनं बूट काढले. मोजेही काढले. थंडीनं कडक झालेल्या बुंध्याला मिठी मारून तो चढायला लागला. पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस. अर्ध्यावरच त्याला धाप लागली.

शेंड्यावरच्या काचींनी एकच गिल्ला केला. एक तर त्याच्या डोक्यावरून झपकन गेली. त्यानं मान आत घेतली आणि त्याच्या पायाखाली काहीतरी करकरलं.

"मोड," आजी मनात म्हणाली. खोटं कशाला बोला, तिला तो पडायला हवा होता. इतकी वर्षं ती देवाकडे दुसरं काही मागतच नव्हती.

"सासूबाई!" वरून त्याचा घोगरा आवाज आला. "धरा ना कुणीतरी!"

"हेसुकनंही हाक मारली होती," आजी खालून म्हणाली. "शेजारणींनी ऐकली. ओसरीवर ऐकू गेली नाही."

तो रडत होता की दमला होता, खालून कळत नव्हतं. पण त्यानं हात लांबवला. एक फळ तोडलं, कोटाच्या आत छातीशी धरलं आणि पाय चाचपत, बुंध्यावर घासत खाली आला. तळपाय सोलले होते. त्यानं दोन्ही हातांनी फळ आजीपुढे धरलं, जणू घेऊन जायची परवानगी मागत होता.

आजी आत गेली. बाहेर आली ती टोपली घेऊन. टोपलीत पेंढा, आणि पेंढ्यावर पिकून मऊ झालेली, काठोकाठ रसानं भरलेली पर्सिमॉनं.

"ही घेऊन जा. हातातलं ते भिंतीवर ठेव. काचींचं आहे."

थेउक टोपलीकडे बघतच राहिला.

"म्हणजे... घरात होती?"

"होती. तुमच्याही घरात होती, बापू. हेसुकच्या मयताला भांडं शोधत तुमच्या कोठीत शिरले, तेव्हा रांजणाचं झाकण मीच उघडलं होतं." तिनं टोपली त्याच्या हातात दिली. "जा आता. भरव आईला."